घरात खाणारी तोंडं जास्त, म्हणून फीमाफी?

निकाल लागला की कोल्हापुरात सेतू केंद्राच्या रांगेत हे वाक्य हमखास कानावर पडतं: "आमच्यात सात माणसं हाईत, उत्पन्न भागून धरत्यात. नऊ लाख असलं तरी बसतंय."

नाही बसत.

राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती, म्हणजे आपल्या तोंडातली 'ईबीसी' (आर्थिकदृष्ट्या मागासांची फी सवलत), हिची उत्पन्नाची मर्यादा वर्षाला 8 लाख रुपये आहे. हा आकडा अख्ख्या कुटुंबाचा, दरडोई नव्हे. आजी, आत्या, धाकटी भावंडं कितीही मोजा, त्याला भागाकार नाही. तहसीलदारांच्या दाखल्यावर 8 लाख 10 हजार आलं की विषय संपला.

उलट माणसं जास्त असली तर इथं तोटाच होऊ शकतो. एका कुटुंबातल्या दोनच मुलांना ही सवलत मिळते. तिसऱ्याची फी घरातूनच. हे मात्र रांगेत कुणी सांगत नाही! 

मुलगी असेल तर 2024 चा शासन निर्णय आधी बघा. खुल्या प्रवर्गातल्या मुलांना साधारण निम्मी फी सुटते. पण व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅप राउंडमधून, म्हणजे सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश घेतलेल्या मुलींना त्याच 8 लाखांच्या आत शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. गेल्याच आठवड्यात शाहूपुरीतल्या एका ओळखीच्या वहिनी लेकीसाठी निम्म्या फीची जुळवाजुळव करत होत्या. दाखला साडेसहा लाखांचा, प्रवेश कॅपमधूनच.