न्योर्डलिंगन : तटावरून एक दिवस

न्योर्डलिंगन हे दक्षिण जर्मनीतील बव्हेरिया राज्याच्या डोनाउ-रीस जिल्ह्यातले सुमारे २०,००० वस्तीचे शहर. शहर म्हणायचे ते जुन्या सनदेमुळे. एरवी एका वेशीतून शिरून समोरच्या वेशीतून बाहेर पडायला पंधरा मिनिटे पुरतात. जुन्या गावाभोवतीचा २.७ किमी लांबीचा तट आजही अखंड आहे आणि त्याच्या माथ्यावरून, कौलारू छपराखालून चालत गावाला पुरी प्रदक्षिणा घालता येते. अशी सलग फेरी घालता येणारा तट जर्मनीत दुसरा नाही. वुर्त्सबुर्ग ते फ्युसेन या १९५० साली आखलेल्या ‘रोमँटिक रोड’ नावाच्या पर्यटनमार्गावर रोथेनबुर्ग, डिंकेल्सब्यूल आणि न्योर्डलिंगन अशी तीन तटबंद गावे लागतात. बसगाड्यांचे लोंढे रोथेनबुर्गला जातात. पायी बघायला मात्र न्योर्डलिंगन बरे, कारण इथला तट देखाव्यापुरता उरलेला नाही. त्याच्या आडोशाला अजून रोजचा संसार चालतो.

म्युनिकहून डोनाउव्योर्थला गाडी बदलली की न्योर्डलिंगन. स्थानकातून गावाकडे निघाल्यावर पहिली लागते ती डाइनिंगन वेस. एकूण वेशी पाच : डाइनिंगन, राइमलिंगन, बेर्ग, बाल्डिंगन आणि ल्योप्सिंगन. चौघींची नावे बाहेर पडणारी वाट ज्या खेड्याला जाते त्याची, आणि बेर्ग म्हणजे नुसता ‘डोंगर’. वेशींखेरीज तटावर अकरा बुरूज आहेत. वेशीजवळच्या जिन्याने वर चढले की लाकडी छपराखालची अरुंद वाट सुरू होते. बाहेरच्या अंगाला दगडी भिंत आणि तीत मारगिरीच्या फटी, आतल्या अंगाला लाकडी कठडा. फेरीला तिकीट नाही, घाई नसेल तर तासभर पुरतो. कठड्यावरून खाली पाहिले तर तटाला पाठ टेकून बसलेली चिमुकली घरे दिसतात. परसात कोबीचे वाफे, भिंतीला रचलेली जळाऊ लाकडे, मुलांच्या सायकली. पहारेकऱ्याची नजर बाहेर असायची. आजचा पाहुणा मात्र सगळा वेळ आत, लोकांच्या परसात डोकावत चालतो. तिथल्या माणसांना त्याची सवय झालेली दिसते.

गावाचा पहिला लेखी उल्लेख इ. स. ८९८ चा, राजाच्या वाड्याचे ठिकाण म्हणून. १२१५ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याच्या (तेव्हाच्या जर्मन साम्राज्याच्या) दुसऱ्या फ्रेडरिकने त्याला ‘मुक्त साम्राज्यनगरी’चा दर्जा दिला, म्हणजे मधल्या कुणा सरदाराचा अंमल नाही, थेट सम्राटाशी संबंध. १२१९ पासून इथल्या पेंटेकॉस्टच्या (ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या) जत्रेचा उल्लेख सापडतो आणि त्या जत्रेवरच गाव मोठे झाले. तेराव्या शतकातला पहिला तट आज नाही, पण नकाशात तो लपत नाही. गावाच्या मध्याभोवती गल्ल्यांचे एक वाटोळे कडे फिरते, तीच त्याची जागा. विणकर आणि कातडी कमावणारे या कड्याबाहेर वस्ती करून राहिले होते. १३२७ मध्ये सम्राट लुडविग बव्हेरियन याने त्यांनाही आत घेणारा नवा तट बांधण्याचा हुकूम दिला आणि गावाचे क्षेत्र जवळपास चौपट झाले. सध्याचा तट तो.

हे सारे टिकले कसे, याचे उत्तर गावाच्या अभिमानात कमी आणि दुर्दैवात जास्त आहे. युरोपातल्या तीस वर्षांच्या युद्धात (१६१८–४८) गावात स्वीडिश शिबंदी होती आणि बाहेर सम्राटाच्या फौजेचा वेढा. वेढा उठवायला आलेल्या गुस्ताव हॉर्न आणि सॅक्स-वायमारचा बर्नहार्ड या स्वीडिश बाजूच्या सेनापतींच्या सैन्याचा सप्टेंबर १६३४ मध्ये गावाच्या नैर्ऋत्येला असलेल्या टेकड्यांवर दणदणीत पराभव झाला, हॉर्न कैद झाला आणि गाव शरण गेले. युद्ध, उपासमार आणि रोगराई यांनी वस्ती खंगली. व्यापाराच्या वाटा दुसरीकडे वळल्या. जुने पाडून नवे उभारायला हाती पैसाच राहिला नाही. १८०३ मध्ये साम्राज्यनगरीपण संपून गाव बव्हेरियात गेले. पुढे एकोणिसाव्या शतकात इतर गावे आपापले तट फोडून दगड विकत असताना राजा पहिला लुडविग याने हा तट पाडायला मनाई केली.

फेरीच्या उत्तर भागात एगर नदी गावात शिरते. तिच्या काठची कातडी कमावणाऱ्यांची आळी बघण्याजोगी आहे. उंच उतरत्या छपरांची घरे आणि वरच्या मजल्यांना लाकडी सज्जे. ओली कातडी वाऱ्यावर वाळत घालण्यासाठी ते मोकळे ठेवलेले. या आळीतल्या १५०३ च्या एका मोठ्या कोठारात १९९० पासून रीस विवर संग्रहालय आहे. इथे थांबावेच लागते, कारण तट, गाव आणि भोवतालची सपाट शेती या सगळ्याच्या मुळाशी असलेली गोष्ट इथे कळते.

सुमारे १.४८ कोटी वर्षांपूर्वी किलोमीटरभराहून मोठा लघुग्रह इथे आदळला आणि सुमारे २४ किमी व्यासाचे विवर पडले. ‘रीस’ म्हणतात तो हा खळगा. न्योर्डलिंगन त्याच्या पोटात वसले आहे. आघाताने वितळलेला आणि चुरडलेला खडक पुन्हा घट्ट होऊन सुएव्हाइट नावाचा दगड तयार झाला. स्वाबिया या प्रांताच्या लॅटिन नावावरून हे नाव पडले, तेव्हा तो ज्वालामुखीचाच दगड समजला जाई. १९६० मध्ये अमेरिकन भूवैज्ञानिक यूजीन शूमेकर आणि एडवर्ड चाओ यांना रीसच्या नमुन्यांत कोएसाइट सापडले. क्वार्ट्झचे हे रूप प्रचंड दाबाखालीच बनते. जमिनीवर ओकणाऱ्या ज्वालामुखीत तेवढा दाब नसतो. वाद मिटला. संग्रहालयासमोरच्या चौकाला आज शूमेकरचे नाव आहे. (बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारचीही कथा अशीच : जेमतेम १.८ किमी व्यासाचे ते विवरही दीर्घकाळ ज्वालामुखीच्या खात्यावर मांडले जात होते.) ऑगस्ट १९७० मध्ये अ‍ॅलन शेपर्ड, एडगर मिचेल, जीन सर्नन आणि जो एंगल हे अंतराळवीर चंद्रावरच्या खडकांची ओळख करून घेण्यासाठी इथल्या खाणींतून हिंडले. नासाने पुढे अपोलो १६ मोहिमेतला चंद्राचा एक तुकडा या संग्रहालयाला दिला.

सुएव्हाइट ओळखायला तज्ज्ञ लागत नाही. राखाडी, खडबडीत, लांबून जुन्या काँक्रीटसारखा. जवळ गेले की त्यात काळसर काचेचे चपटे, पिळवटलेले तुकडे रुतलेले दिसतात. स्वाबियात घावनाच्या पट्ट्या सुपात घालतात, त्यांना ‘फ्लेड्ल’ म्हणतात. भूवैज्ञानिकांनी या काचेलाही तेच नाव दिले. दगडात सूक्ष्म हिरेही आहेत. पर्यटनपत्रके हे मोठ्या अक्षरांत छापतात, पण ते मिलिमीटरचा अंश एवढेच असतात आणि भिंत कितीही निरखली तरी डोळ्यांना दिसत नाहीत.

गावाच्या मध्यावरचे सेंट जॉर्जचे चर्च (१४२७–१५०५) याच दगडाचे. उत्तरकालीन गॉथिक शैलीतली ही एकसंध उंचीची प्रशस्त वास्तू आहे. ऊनपाऊस हा दगड फारसा सोसत नाही, त्यामुळे डागडुजीची परांची पाहुण्याला चुकत नाही. चर्चसमोर १४४०च्या दशकातले नृत्यगृह. त्याच्या दर्शनी भिंतीवर सम्राट पहिला मॅक्सिमिलियन याचा १५१३ मधला पुतळा.

जवळच नगरभवन आहे. चौदाव्या शतकापासून गावाचा कारभार याच वास्तूतून चालतो. १६१८ मध्ये तिला बाहेरून एक नक्षीदार दगडी जिना जोडला गेला. जिन्याखाली गुन्हेगारांना कोंडून लोकांपुढे ठेवण्याची खोपी आहे. तिच्या दाराशी विदूषकाची टोपी घातलेला एक दगडी चेहरा कोरला आहे आणि त्याच्यापाशी शब्द आहेत : ‘आता आपण दोघे झालो.’ वाचायला वाकणारा दर वेळी दुसरा ठरतो. चारशे वर्षांचा हा विनोद अजून शिळा झालेला नाही.

वाइन बाजारातला मारिया होलचा कारंजा मात्र हसू पुसून टाकतो. १५८९ ते १५९८ या काळात न्योर्डलिंगनने चेटूक केल्याच्या आरोपावरून ३४ बायका आणि एका पुरुषाला जाळले. मारिया होल ही ‘गोल्डन क्राउन’ खाणावळीची मालकीण. १५९३ मध्ये तिला पकडले. कबुलीजबाबासाठी तिचा ६२ वेळा छळ झाला, तरी तिने कबुली दिली नाही. १५९४ मध्ये तिला सोडावे लागले. तिच्यानंतर लोकांचा या खटल्यांवरचा विश्वास डळमळू लागला. चर्चचा सुबक दगड आणि हे खटले यांच्यात शंभर वर्षांचेही अंतर नाही, हे चौकातून चालताना विसरू नये.

शेवटचे चढण चर्चच्या मनोऱ्याचे. जवळपास ९० मीटर उंचीच्या या मनोऱ्याचे नाव ‘डॅनियल’. बायबलमधल्या डॅनियलला राजाने साऱ्या प्रांताचा अधिकारी केले, त्यावरून. ३५० पायऱ्या चढून वर गेले की दिवसभर पायांनी मोजलेले सगळे एका नजरेत येते. लाल कौलांचे वाटोळे गाव, त्याभोवती तटाचे कडे, त्यापलीकडे सपाट शेते आणि क्षितिजावर विवराच्या काठाच्या निळसर टेकड्या. इथून ९९ गावे दिसतात असे म्हणतात. मोजत बसलेला कुणी भेटत नाही.

मनोऱ्यावर आजही पहारेकरी असतो. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने तो खाली हाक देतो : ‘सो, ग्सेल, सो!’ म्हणजे साधारण ‘असं रे गड्या, असं!’ हाकेमागची दंतकथा १४४० ची. गावावर रात्री चालून येण्यासाठी ओटिंगनच्या काउंटने (सरदाराने) ल्योप्सिंगन वेशीच्या पहारेकऱ्यांना फितवून अडसर काढून ठेवायला लावला होता. रात्री नवऱ्यासाठी बिअर आणायला निघालेल्या एका विणकराच्या बायकोला एक मोकाट डुक्कर वेशीच्या दाराशी अंग घासताना दिसले आणि दार हलताना दिसले. तिने याच शब्दांनी आरडाओरडा केला, गाव वाचले. ज्या वेशीची ही गोष्ट, तिच्यात आता तटाचे छोटे संग्रहालय आहे. हाक ऐकायची तर मात्र गावात मुक्काम हवा. सकाळी येऊन संध्याकाळी परतणारा पाहुणा पहिल्या हाकेच्या सुमारास बहुधा डोनाउव्योर्थच्या फलाटावर पुढच्या गाडीची वाट बघत असतो.