वर्गातली भूक आणि लोकवर्गणी : दीडशे वर्षांची पार्श्वभूमी

उपाशी मुलं शाळा येण्याआधीही होतीच. पण ती शेतात, गिरण्यांत, रस्त्यांवर आणि घरांच्या कोपऱ्यांत विखुरलेली होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात एकेका देशाने शिक्षण सक्तीचं केलं आणि तीच मुलं रोज सकाळी एका छपराखाली रांगेने बसू लागली. इंग्लंडमध्ये १८७० च्या कायद्याने करांच्या पैशातून शाळा उभ्या राहिल्या, १८८० मध्ये हजेरी सक्तीची झाली. मुलाला वर्गात आणण्याचा हुकूम सरकारने काढला होता. ते काय खाऊन येतं, हे विचारणं मात्र कोणाच्याच कामात बसत नव्हतं. शिक्षकाला ते रोज दिसत होतं : फळ्याकडे नुसतंच बघत राहणारं मूल, दुपारी बाकावर डोकं टेकणारं मूल. ही मोकळी जागा भरून काढली ती झोळी घेऊन फिरणाऱ्या माणसांनी.

काही ठिकाणी तर ते सक्तीच्याही आधी सुरू झालं होतं. १८४९ मध्ये पॅरिसच्या एका भागात नॅशनल गार्ड या नागरिकांच्या सैन्यदलातल्या लोकांनी आपल्याकडे उरलेली शिल्लक गरीब विद्यार्थ्यांसाठी दिली आणि त्यातून शाळेचा स्वतंत्र निधी उभा राहिला. कपडे, बूट, वह्या आणि पुढे जेवण, सगळं त्यातून होऊ लागलं. असे निधी उघडायला १८६७ च्या फ्रेंच कायद्याने मुभा दिली आणि १८८२ मध्ये ते प्रत्येक गावाला बंधनकारक केले. लंडनमध्ये १८६४ साली ‘डेस्टिट्यूट चिल्ड्रन्स डिनर सोसायटी’ स्थापन झाली. देणगीदारांच्या पैशावर चालणारी ही मंडळी मुलाकडून एक पेनी घेत आणि गरम जेवण देत.

लंडनच्या स्कूल बोर्डाने १८८९ मध्ये चौकशी केली तेव्हा आपल्या शाळांतली सुमारे ४४ हजार मुलं नेहमीच अर्धपोटी असतात असं दिसलं. त्यांच्यातल्या निम्म्यांपर्यंतही कुठल्याच संस्थेचं जेवण पोहोचत नव्हतं. संस्था कमी होत्या असं नाही. त्यांच्यात मेळ नव्हता. एका वस्तीत दोन मंडळं जेवण वाटत आणि शेजारच्या वस्तीत एकही नसे. नाताळच्या सुमारास देणग्या भरभरून येत आणि वसंत ऋतू आला की आटत. कारखाने बंद पडले, मजुरी गेली की भूक वाढायची आणि नेमक्या त्याच काळात वर्गणी देणाऱ्यांचेही हात आखडायचे. लोकवर्गणीचं हे दुखणं जुनं आहे आणि ते देणाऱ्यांच्या मनाच्या कोतेपणातून आलेलं नाही. देणाऱ्याची आणि घेणाऱ्याची मंदी एकच असते, एवढंच.

त्या काळी आणखी एक भिंत होती. १८६९ मध्ये स्थापन झालेली ‘चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी’ फुकट जेवणाला ठाम विरोध करत असे. मूल शाळेत जेवलं तर आईबाप आपली जबाबदारी झटकतील, असा तिचा युक्तिवाद. म्हणून आधी घरची चौकशी, मग तिकीट, मग जेवण. हा युक्तिवाद नंतर प्रत्येक देशात, जवळपास त्याच शब्दांत, पुन्हा पुन्हा ऐकू आला. त्यात मुलाचा विचार कुठेच नाही, म्हणून मला तो कधीच पटला नाही. बाप खरोखरच आळशी असला तरी सात वर्षांच्या पोराने त्याची शिक्षा का भोगायची?

त्याच १८८९ साली, या वादापासून फार दूर, जपानमधल्या यामागाता प्रांतातल्या त्सुरुओका गावी बौद्ध भिक्षूंनी दाइतोकुजी मंदिराच्या आवारात गरीब मुलांसाठी शाळा काढली. मुलं डबा आणू शकत नव्हती. भिक्षू सूत्रं म्हणत दारोदार फिरले, मिळालेल्या तांदळातून आणि पैशांतून त्यांनी मुलांना भाताचे गोळे, भाजलेली मासळी आणि लोणचं दिलं. जपानमध्ये शालेय भोजनाचा आरंभ इथूनच मोजतात आणि मंदिरात त्याचं स्मारक आहे. भिक्षेची परंपरा तिथे शेकडो वर्षांची होती. तिचा रोख शाळेच्या वर्गाकडे वळवला, हे त्या भिक्षूंचं वेगळेपण.

इतिहास खऱ्या अर्थाने वळला तो उत्तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड या कापडगिरण्यांच्या शहरात. तिथे १८९० पासून ‘सिंड्रेला क्लब’ नावाची स्वयंसेवी मंडळी गरीब मुलांना जेवण देत होती. १८९४ मध्ये मार्गारेट मॅकमिलन शहराच्या स्कूल बोर्डावर निवडून आल्या. उपाशी मुलाला शिकवणं म्हणजे करदात्याचा पैसाच वाया घालवणं आहे, ही त्यांची भूमिका होती. फ्रेड जोवेट त्यांचे सहकारी. १९०६ मध्ये ते खासदार झाले आणि त्यांनी हाच प्रश्न संसदेत नेला. दरम्यान दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धाच्या वेळी सैन्यभरतीला आलेले कितीतरी तरुण शरीराने दुबळे म्हणून नाकारले गेले होते. १९०४ मध्ये त्यावर नेमलेल्या सरकारी समितीनेही शाळेत जेवण देण्याची शिफारस केली. हे वाचताना मन खट्टू होतं. मुलांच्या भुकेने जे झालं नाही ते सैनिकांच्या कमतरतेने झालं.

डिसेंबर १९०६ चा कायदा तसा भित्राच होता. स्थानिक शिक्षण मंडळाने आधी स्वयंसेवी समित्यांना हाताशी धरायचं, त्यांना जागा आणि भांडी पुरवायची, आणि वर्गणी पुरत नाही असं दिसलं तरच करातून खर्च करायचा. तोही करपात्र मूल्याच्या दर पौंडामागे अर्धी पेनी एवढ्याच मर्यादेत. पण मुलाच्या जेवणासाठी सार्वजनिक पैसा खर्च होऊ शकतो, हे एकदा कायद्यात आलं आणि वाट मोकळी झाली.

ब्रॅडफर्डने मग एक नेमकी गोष्ट केली. शाळांचे वैद्यकीय अधिकारी राल्फ क्रॉली यांनी १९०७ मध्ये एप्रिल ते जुलै अशी ४० मुलं निवडून त्यांना रोज न्याहारी आणि दुपारचं जेवण दिलं, आणि दर आठवड्याला त्यांचं वजन केलं. जेवण न मिळणाऱ्या मुलांचा गट तुलनेसाठी ठेवला. जेवणाऱ्या मुलांची वजनं वाढत गेली. प्रयोग चालू असताना सणाची सुट्टी आली : शाळा बंद, जेवण बंद, आणि वजनाची रेघ खाली आली. शाळा उघडल्यावर पुन्हा वर. हा आलेख पुढच्या प्रत्येक वादात कामी आला. १९१४ च्या दुरुस्तीने अर्ध्या पेनीची मर्यादा काढली आणि सुट्टीतही जेवण द्यायला परवानगी दिली. १९४४ च्या शिक्षण कायद्याने ते स्थानिक मंडळांचं कर्तव्य ठरवलं.

वर्गणी गोळा करणाऱ्या आजच्या कोणाला या इतिहासातून एकच पान वाचायला द्यायचं असेल तर मी डब्लिनचं देईन. १९०६ चा कायदा आयर्लंडला लागू नव्हता. तिथल्या कामगार वस्त्यांतली मुलं सकाळी काही न खाता शाळेत यायची आणि दुपारपर्यंत तशीच बसायची. १९१० च्या सुमारास मॉड गॉन, हॅना शीही-स्केफिंग्टन आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांनी समिती स्थापन केली, पैसे जमवले, सेंट ऑडियन्स शाळेत चूल मांडली आणि स्वतः वाढायला उभ्या राहिल्या. पण चुलीपाशी त्या थांबल्या नाहीत. महापालिकेकडे शिष्टमंडळं नेली, खासदारांना पत्रं लिहिली, सभा घेतल्या. हे जेवण आम्ही देतोय, पण ते देणं तुमचं काम आहे, असं त्या एकाच वेळी करूनही दाखवत होत्या आणि बजावतही होत्या. १९१४ मध्ये कायदा आयर्लंडपर्यंत आला. दोन्ही कामं एकाच मंडळीने करायची, हे सोपं नसतं. बहुतेकांचा सगळा जीव रोजच्या स्वयंपाकातच संपतो आणि त्यात त्यांचा दोष नाही.

पहिल्या महायुद्धानंतर ही वर्गणी देशांच्या सीमा ओलांडून गेली. हरलेल्या जर्मनीतल्या मुलांसाठी अमेरिकेतल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या मंडळींनी १९२० पासून शाळाशाळांत अन्न पोहोचवलं, तेही कालच्या शत्रूच्या मुलांना. अन्न बाहेरून यायचं, पण शिजवायचं आणि वाटायचं काम हजारो स्थानिक स्वयंसेवकांनी केलं. १९२१ च्या उन्हाळ्यात रोज सुमारे १० लाख मुलं जेवत होती. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्येही असंच घडलं. अमेरिकेतल्या मदत संस्थांच्या ‘लारा’ या संघटनेचं सामान १९४६ मध्ये येऊ लागलं, त्यात अमेरिका खंडात स्थायिक झालेल्या जपानी कुटुंबांचाही वाटा होता, आणि त्यावर शालेय भोजन पुन्हा उभं राहिलं. जपानचा शालेय भोजन कायदा १९५४ चा. फिनलंड त्याहून पुढे गेला : १९४३ मध्ये कायदा केला, तयारीला पाच वर्षं दिली आणि १९४८ पासून सगळ्याच विद्यार्थ्यांना मोफत जेवण सुरू केलं.

भारतात मद्रास महापालिकेने १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला थाउजंड लाइट्स भागातल्या शाळेत जेवण दिलं होतं, पण ते टिकलं नाही. १९५६ मध्ये मुख्यमंत्री के. कामराज यांनी ते राज्यभर नेलं तेव्हा तिजोरीत पुरेसा पैसा नव्हता. म्हणून खर्चाचा एक भाग सरकारचा आणि उरलेला गावाने उभा करायचा, अशी रचना झाली. शिक्षण संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू यांनी शाळासुधार परिषदा भरवून गावोगाव लोकांकडून मदत मिळवली. १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी ही योजना बरीच मोठी केली. केंद्राची योजना १५ ऑगस्ट १९९५ ची, पण बऱ्याच राज्यांत मुलांच्या हाती कोरडं धान्यच पडत होतं. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या नागरिकांच्या संघटनेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २८ नोव्हेंबर २००१ रोजी शिजवलेलं जेवणच द्या, असा आदेश दिला. किमान ३०० उष्मांक, ८ ते १२ ग्रॅम प्रथिनं, वर्षात किमान २०० दिवस. गरीब घरात कोरड्या धान्याचे वाटेकरी सगळं घर असतं. शिजवून ताटात वाढलेलं मुलाच्याच पोटात जातं.

अमेरिकेत राष्ट्रीय शालेय भोजन कायदा १९४६ मध्ये झाला, तरी सकाळचं पोट रिकामंच राहत होतं. जानेवारी १९६९ मध्ये ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या ब्लॅक पँथर पक्षाने शाळेआधीची मोफत न्याहारी सुरू केली. किराणा दुकानदारांकडून माल मागून आणायचा, आहारतज्ज्ञांना विचारून पदार्थ ठरवायचे, आणि वस्तीतल्या बायका-पुरुषांनी पहाटे उठून रांधायचं. वर्षभरात ही न्याहारी कितीतरी शहरांत पोहोचली. एफबीआयचे प्रमुख एडगर हूवर यांना ती धोकादायक वाटली, कारण त्यामुळे पक्षाबद्दल लोकांच्या मनात आपुलकी वाढत होती. केंद्र सरकारची न्याहारी योजना १९६६ पासून प्रायोगिक स्वरूपात होती, ती १९७५ मध्ये कायम झाली. एकट्या पँथर्समुळे ते झालं असं म्हणणं अतिशयोक्ती ठरेल. पण मुलं उपाशी शाळेत येतात हे नाकारण्याची सोय त्यांनी उरू दिली नाही, हे निश्चित.

अमेरिकेत अनेक मुलांना शाळेतल्या जेवणाचे पैसे भरावे लागतात आणि ते भरता आले नाहीत की मुलाच्या नावावर थकबाकी साचते. हा विषयही याच धाग्यातला आहे. खात्यात पैसे नाहीत म्हणून मुलाच्या हातावर शिक्का मारणं, वाढलेलं ताट काढून कचऱ्यात टाकणं, असे प्रकार अनेक शाळांत घडले. न्यू मेक्सिकोने २०१७ मध्ये ते कायद्याने बंद केले. मिनेसोटातल्या सेंट पॉल शहरात फिलँडो कॅस्टील हे शाळेच्या भोजनगृहात काम करत आणि ज्यांच्याकडे पैसे नसत अशा मुलांचे पैसे स्वतः भरत. जुलै २०१६ मध्ये त्यांची गाडी अडवणाऱ्या एका पोलिसाच्या गोळीने त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाने २०१७ मध्ये सुरू झालेल्या निधीचं लक्ष्य माफक होतं, पण इतका पैसा आला की शहरातल्या सगळ्या ५६ सरकारी शाळांमधली थकबाकी फेडता आली. मात्र थकबाकी दर वर्षी नव्याने साचते. २०२३ मध्ये मिनेसोटा राज्याने सगळ्याच विद्यार्थ्यांना शाळेतलं जेवण मोफत करण्याचा कायदा केला, तेव्हा साचण्याचं मूळच गेलं.

सुट्टीतल्या भुकेचा प्रश्न २०२० मध्ये पुन्हा पेटला. साथीमुळे शाळा बंद झाल्या आणि जगभरात सुमारे ३७ कोटी मुलांचं शाळेतलं जेवण थांबलं. इंग्लंडमध्ये फुटबॉलपटू मार्कस रॅशफर्ड यांनी ‘फेअरशेअर’ या संस्थेसाठी पैसा उभा केला आणि सोबत सरकारला जाहीर पत्र लिहिलं. लहानपणी आपणही शाळेच्या मोफत जेवणावर वाढलो हे त्यांनी लपवलं नाही. जूनमध्ये सरकारला उन्हाळी सुट्टीतही जेवणाची कुपनं द्यावी लागली.

जागतिक अन्न कार्यक्रमाच्या २०२२ च्या अहवालानुसार जगात सुमारे ४१.८ कोटी मुलांना शाळेत जेवण मिळत होतं. पण सर्वांत गरीब देशांत हे प्रमाण प्राथमिक शाळेतल्या मुलांपैकी जेमतेम १८ टक्के होतं. जिथे भूक सर्वांत जास्त तिथे सरकारकडे पैसा सर्वांत कमी, म्हणून तिथे आजही बरंच काही लोकवर्गणीवर चालतं. स्कॉटलंडच्या मॅग्नस मॅकफार्लेन-बॅरो यांनी २००२ मध्ये मलावीत ‘मेरीज मील्स’चं काम सुरू केलं तेव्हा २०० मुलं होती. आता ती संख्या काही देशांत मिळून २० लाखांच्या पुढे गेली आहे. पैसा दूरच्या गावांतल्या छोट्या देणग्यांतून येतो. मका आणि सोयाबीनच्या पिठाची लापशी मात्र शाळेच्या आसपास राहणाऱ्या बायका-पुरुषच पाळीपाळीने, पहाटे चूल पेटवून शिजवतात, आणि त्यातल्या बहुतेकांची स्वतःची मुलं त्याच रांगेत कप घेऊन उभी असतात.