माजी राजसदस्यांचे परदेश दौरे : १९९६ ची अट आणि २०२० चे मौन

ससेक्सचे ड्यूक आणि डचेस, म्हणजे प्रिन्स हॅरी आणि त्यांच्या पत्नी मेगन, मे २०२४ मध्ये नायजेरियाला आणि त्यानंतर तीनच महिन्यांनी कोलंबियाला गेले, तेव्हा ब्रिटनमधली बरीचशी चर्चा त्यांच्या स्वभावावर, पोशाखावर आणि कौटुंबिक दुराव्यावरच झाली. मूळ प्रश्न मात्र व्यक्तींचा नाही. राजघराण्याच्या कामातून बाहेर पडलेली व्यक्ती दुसऱ्या देशाच्या सैन्याचे किंवा उपराष्ट्रपतींचे निमंत्रण स्वीकारून तिथे गेली, तर ती कोणत्या नात्याने गेली, तिच्या बंदोबस्ताचा खर्च कोणी करायचा आणि तिच्या शब्दांची जबाबदारी कोणाकडे, हे आधीच ठरलेले असायला हवे. १९९६ मध्ये ते ठरवले गेले होते. २०२० मध्ये ते ठरवले गेले नाही आणि आजच्या वादाचे मूळ मुख्यतः तिथे आहे.

अधिकृत राजदौऱ्यात हा घोळ उरत नाही. कोणत्या देशात जायचे हे सरकारच्या, विशेषतः परराष्ट्र खात्याच्या सल्ल्याने ठरते, राजाची संमती घेतली जाते, प्रवासखर्च राजकारभारासाठी मिळणाऱ्या सरकारी अनुदानातून होतो आणि दौऱ्यावर गेलेली व्यक्ती राजाची प्रतिनिधी मानली जाते. असे दौरे निर्विघ्न पार पडतात असे मुळीच नाही. १७ नोव्हेंबर १९२१ रोजी तत्कालीन प्रिन्स ऑफ वेल्स (पुढे राजे आठवे एडवर्ड) मुंबईच्या बंदरावर उतरले, तेव्हा शहरात बहिष्कार पुकारलेला होता, पुढे दंगली उसळल्या आणि त्या थांबाव्यात म्हणून गांधीजींनी उपोषण केले. तरीही त्या दौऱ्याची जबाबदारी कोणाची, याविषयी मुंबईत किंवा लंडनमध्ये कोणालाही शंका नव्हती. ती सरकारची होती आणि टीकाही सरकारवरच झाली.

योगायोग असा की, राजपदाबाहेरच्या व्यक्तीच्या दौऱ्याचा पहिला मोठा पेच याच राजपुत्रामुळे उभा राहिला. डिसेंबर १९३६ मध्ये राज्यत्याग करून ते ड्यूक ऑफ विंडसर झाले आणि ऑक्टोबर १९३७ मध्ये पत्नीसह जर्मनीला गेले. कामगारांची घरे आणि त्यांची राहणी पाहायची, असे कारण सांगितले गेले. यजमानपद नाझी राजवटीच्या कामगार संघटनेकडे होते आणि जुळवाजुळव एका धनाढ्य उद्योगपतीने केली होती. परराष्ट्र खात्याने बर्लिनमधील दूतावासाला या दौऱ्याला अधिकृत स्वरूप न देण्याचे कळवले. राजदूत शहरात नव्हते आणि स्थानकावर दूतावासातर्फे एक कनिष्ठ अधिकारी तेवढा हजर राहिला. उलट जर्मनांनी डचेसना ‘हर रॉयल हायनेस’ म्हणून संबोधले, जो मान त्यांना मिळू नये म्हणून लंडनने त्याच वर्षी मे महिन्यात खास राजपत्र काढले होते. २२ ऑक्टोबरला हिटलरची भेट झाली. ब्रिटनने मान्यता नाकारल्याने छायाचित्रांचा परिणाम काही कमी झाला नाही. त्यानंतरचा नियोजित अमेरिका दौरा मात्र रद्द करावा लागला, कारण त्या उद्योगपतीची कामगारांकडून काम उपसून घेण्याची पद्धत अमेरिकी कामगार संघटनांना खपणारी नव्हती. हा प्रसंग पुढे प्रत्येक वादात दाखला म्हणून काढला जातो. तो जपून काढायला हवा, कारण हुकूमशहाच्या घरचा पाहुणचार आणि जखमी सैनिकांची रुग्णालयात भेट या दोन गोष्टी एका तागडीत घालणे अन्यायाचे आहे. त्यातून घेण्याजोगी गोष्ट एकच : सरकारने पाठ फिरवली म्हणून दौऱ्याचा राजकीय अर्थ नाहीसा होत नाही.

१९९६ मध्ये तत्कालीन युवराज चार्ल्स आणि डायना यांच्या घटस्फोटाच्या अटी ठरवताना हा धडा कोणाच्या तरी ध्यानात असावा. त्या वर्षी जुलैमध्ये जाहीर झालेल्या तपशिलानुसार प्रिन्सेस ऑफ वेल्स डायना यांचे ‘हर रॉयल हायनेस’ हे बिरुद गेले, पण त्यांना राजघराण्याच्या सदस्य मानले जाईल असेही सांगितले गेले. त्याच निवेदनात परदेश प्रवासाचे कलम होते. खासगी सुट्ट्या वगळता त्यांचे परदेश दौरे परराष्ट्र खात्याशी विचारविनिमय करून आणि राणीच्या परवानगीने होतील, अशी ती अट होती. घटस्फोटाच्या गदारोळात या एका वाक्याकडे फारसे कोणाचे लक्ष गेले नाही.

जानेवारी १९९७ मध्ये ही अट कसाला लागली. प्रिन्सेस रेडक्रॉसबरोबर अंगोलात गेल्या, हुआम्बोजवळ साफ होत असलेल्या भूसुरुंगांच्या क्षेत्रातून चालल्या आणि सुरुंगांवर जगभर बंदी यावी असे बोलल्या. सत्ताधारी हुजूर पक्षाच्या सरकारची भूमिका त्याहून सावध होती. त्या सरकारमधल्या एका कनिष्ठ मंत्र्याने त्यांच्यावर बेतालपणाचा ठपका ठेवला आणि दोन दिवस वृत्तपत्रे त्यानेच भरली. पण दौरा सरकारला ठाऊक होता, म्हणून तो थांबवला गेला नाही आणि नाकारलाही गेला नाही. मंत्र्यालाच सावरून घ्यावे लागले. मे महिन्यात आलेल्या मजूर पक्षाच्या सरकारने बंदीची बाजू घेतली आणि डिसेंबरमध्ये ओटावा येथे सुरुंगबंदीच्या करारावर सह्या झाल्या. तोवर प्रिन्सेस हयात नव्हत्या. परवानगीच्या अटीने त्यांचे तोंड बंद केले नव्हते, हे इथे आवर्जून सांगावेसे वाटते. त्या अटीमुळे सरकारला आपण अनभिज्ञ होतो असे म्हणण्याची सोय मात्र राहिली नाही.

आता २०२० कडे यावे लागते. ८ जानेवारीला ससेक्स दांपत्याने ज्येष्ठ सदस्यत्वाच्या भूमिकेतून मागे होण्याचा आणि आर्थिकदृष्ट्या स्वावलंबी होण्याचा मानस जाहीर केला. राणीच्या सेवेत राहायचे आणि स्वतःचे उत्पन्नही कमवायचे, असा त्यांचा प्रस्ताव होता. १३ जानेवारीला सँडरिंगहॅम येथे कुटुंबाची बैठक झाली आणि १८ तारखेला निर्णय प्रसिद्ध झाला : अर्धे आत, अर्धे बाहेर असे राहता येणार नाही. सरकारी पैसा बंद झाला, लष्करी मानाच्या नेमणुकांसह राजकार्य थांबले आणि फ्रॉगमोर कॉटेज या त्यांच्या ब्रिटनमधल्या घराच्या दुरुस्तीवर झालेला सुमारे २४ लाख पौंडांचा सरकारी खर्च परत करण्याचे ठरले. ही व्यवस्था ३१ मार्चपासून अमलात आली आणि वर्षभराने तिचा आढावा घ्यायचा होता.

नकार योग्यच होता, असे माझे मत आहे. ज्याला कंपन्यांशी करार करायचे आहेत त्याने त्याच आठवड्यात राष्ट्रप्रमुखाचा प्रतिनिधी म्हणून उभे राहावे, ही व्यवस्था कोणत्याही देशात टिकली नसती. पण नकार देताना जे शब्द वापरले गेले ते बारकाईने वाचावेत. दांपत्याला यापुढे राणीचे ‘औपचारिक’ प्रतिनिधित्व करता येणार नाही, मात्र ते जे काही करतील ते राणीच्या मूल्यांना धरूनच असेल, असे निवेदनात म्हटले होते. म्हणजे प्रतिनिधित्व नाकारले आणि त्याच वाक्यात मूल्यांचे नाते शाबूत ठेवले. पुढे, ‘रॉयल हायनेस’ हे बिरुद काढून घेतलेले नाही. ते वापरायचे नाही, एवढेच ठरले. ड्यूक आणि डचेस या पदव्या तर चालूच राहिल्या. निमंत्रण देणाऱ्या कोणत्याही सरकारच्या दृष्टीने पाहिले, तर समोर ड्यूक आहे, राजाचा सख्खा मुलगा आहे आणि वारसाक्रमातही आहे. त्याने कोणते बिरुद न वापरण्याचे कबूल केले आहे, हे तपासत बसण्याचे त्या सरकारला कारण नाही.

आणि परदेश दौऱ्यांविषयी त्या निवेदनात एकही ओळ नव्हती. चोवीस वर्षांपूर्वी ज्या राजवाड्याने घटस्फोटित सुनेच्या प्रवासासाठी स्पष्ट अट घातली, त्याच राजवाड्याने राजपुत्र आणि त्याची पत्नी देशाबाहेर स्थायिक होत असताना ती अट घातली नाही. याचे एक समजण्याजोगे कारण आहे. प्रिन्सेसना राजवाड्यातले निवासस्थान आणि कार्यालयाची सोय राहिली होती. २०२० मध्ये सरकारी पैसा पूर्ण बंद केल्यावर अट पाळली नाही तर काय करणार, हा प्रश्न होताच. वर्षभराने आढावा होणार होता, त्यामुळे तेव्हा पाहू असाही विचार असेल. पण १९ फेब्रुवारी २०२१ रोजी आढाव्याचा निकाल आला तेव्हा मानाच्या नेमणुका आणि संस्थांचे आश्रयदातेपद राणीकडे परत गेले, परदेश दौऱ्यांचा उल्लेख तेव्हाही झाला नाही. लोकसेवेच्या आयुष्याबरोबर येणाऱ्या जबाबदाऱ्या राजकार्याबाहेर राहून पुढे चालवता येणार नाहीत, असे राजवाड्याने म्हटले आणि सेवा सर्वांनाच करता येते, असे उत्तर दांपत्याने त्याच दिवशी दिले. त्या उत्तरावर तेव्हा उद्धटपणाचा आरोप झाला. आज पाहता ते पुढच्या साऱ्या दौऱ्यांचे उघड सूतोवाच होते.

दर्जा बदलल्याचा सर्वांत ठोस परिणाम सुरक्षेत दिसला, आणि तो प्रथम ब्रिटनबाहेर दिसला. दांपत्य कॅनडात राहत असताना तिथले सरकार त्यांना आंतरराष्ट्रीय संरक्षणास पात्र व्यक्ती मानून पोलीस देत होते. फेब्रुवारी २०२० च्या अखेरीस, दर्जा बदलत असल्यामुळे ही मदत थांबेल, असे कॅनडाने जाहीर केले. महिन्याभराने अमेरिकेच्या तत्कालीन राष्ट्राध्यक्षांनीही आपला देश त्यांच्या सुरक्षेचा खर्च करणार नाही असे सांगून टाकले. ब्रिटनमध्ये सरसकट पोलीस संरक्षण काढून प्रत्येक भेटीचा स्वतंत्र विचार करण्याचा निर्णय सरकारच्या एका समितीने घेतला. त्याविरुद्ध ड्यूक न्यायालयात गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये उच्च न्यायालयात हरले आणि २ मे २०२५ रोजी त्यांचे अपीलही फेटाळले गेले. दौऱ्याच्या वादाशी याचा थेट संबंध आहे. संरक्षण स्वदेशातही आपोआप मिळत नसेल, तर परदेशात ते यजमानच देणार, आणि यजमान जेव्हा सैनिक आणि गाड्यांचा ताफा देतो तेव्हा खासगी भेटसुद्धा राजदौऱ्यासारखी दिसू लागते.

नायजेरियात नेमके हेच झाले. निमंत्रण संरक्षण दलप्रमुखांचे होते आणि निमित्त जखमी सैनिकांच्या क्रीडास्पर्धांचे होते, ज्या ड्यूकनीच २०१४ मध्ये सुरू केल्या. अबुजातील शाळा, कडुना येथील लष्करी रुग्णालय, लागोस, तिथल्या गव्हर्नरांची भेट, स्वागताची नृत्ये असा तीन दिवसांचा क्रम कोणत्याही राजदौऱ्याच्या वळणाचा होता. नायजेरिया राष्ट्रकुलाचा सदस्य असल्याने लंडनमध्ये नाराजी अधिक होती, कारण राष्ट्रकुल हा राजाच्या मानाचा विषय समजला जातो. शिवाय राजे त्या वर्षी कर्करोगावर उपचार घेत होते, युवराज्ञीही आजारी होत्या आणि कार्यरत सदस्यांचे दौरे कमी झाले होते. ही पोकळी दुसऱ्या कोणी भरल्यासारखे दिसणे राजवाड्याला खुपले असेल, तर ते समजण्यासारखे आहे. पण नायजेरिया १९६३ पासून प्रजासत्ताक आहे. तिथे कोणाला बोलवायचे, हे ठरवण्याचा अधिकार तिथल्या सरकारचा आहे, ही साधी बाब ब्रिटनमधल्या बहुतेक टीकेत कुठेच दिसत नाही.

कोलंबियाची गोष्ट वेगळी. तो देश राष्ट्रकुलात नाही आणि ऑगस्ट २०२४ चे निमंत्रण तिथल्या उपराष्ट्रपतींचे होते. त्या पदावर पोहोचलेल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिलेला बोगोटा, कार्ताहेना आणि काली यांबरोबरच सान बासिलिओ दे पालेंके हे गुलामगिरीतून निसटलेल्या आफ्रिकी लोकांनी वसवलेले गाव जगासमोर आणायचे होते. इथे खर्चाचा प्रश्न कोलंबियाच्याच राजकारण्यांनी विचारला, आणि तो विचारण्याचा खरा अधिकार त्यांचाच होता. करदाता कोलंबियाचा होता, ब्रिटनचा नव्हता.

नियम करणे अशक्य आहे असे नाही. बेल्जियममध्ये सरकारी भत्ता घेणाऱ्या राजसदस्यांना परदेशी राजनैतिक संपर्कांसाठी परवानगी लागते. राजाच्या धाकट्या भावाने २०१७ मध्ये परवानगी न घेता, नौदलाच्या गणवेशात चिनी दूतावासाच्या समारंभाला हजेरी लावली, तेव्हा पुढच्या वर्षी संसदेने त्यांचा भत्ता वर्षभरासाठी १५ टक्क्यांनी कापला. ही तरतूद जशीच्या तशी ब्रिटनमध्ये लागू पडणार नाही, कारण भत्ताच नसेल तर कापणार काय. परंतु पदवी चालू ठेवण्याच्या बदल्यात परराष्ट्र खात्याला आधी कळवण्याची १९९६ सारखी अट २०२० मध्ये घालता आली असती. दांपत्य तेव्हा बऱ्याच गोष्टी मान्य करण्याच्या मनःस्थितीत होते.

२०२५ मध्ये दौरे सुरूच राहिले, फक्त त्यांची तऱ्हा बदलली. जुलैमध्ये ड्यूक एकटेच अंगोलात गेले आणि क्विटो क्वानावालेजवळच्या सुरुंगक्षेत्रात, आई ज्या कामासाठी गेली होती त्याच कामासाठी चालले. निमंत्रण सुरुंग काढणाऱ्या संस्थेचे होते आणि वाद जवळजवळ झालाच नाही. सप्टेंबरमध्ये ते युद्धग्रस्त कीव्हला गेले. ही भेट कितीतरी नाजूक होती, कारण ब्रिटन त्या युद्धात युक्रेनचा प्रमुख पाठीराखा आहे. जाण्याआधी आपण पत्नीला आणि ब्रिटिश सरकारला विचारून घेतले, असे ड्यूकनी वार्ताहराला सांगितले. कोणत्याही निवेदनाने किंवा करारपत्राने त्यांना तसे करण्यास बांधलेले नव्हते.