मांडीवरचा दादरा

आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये दर शनिवारी सकाळी बाळांचा तालवर्ग भरतो. वय सहा महिने ते तीन वर्षं. सतरंजीवर खुळखुळे, डफल्या, लाकडी ठोकळे, दोन बुटके जेंबे (हातांनी वाजवायचे आफ्रिकी ढोल), आणि आया-आज्यांच्या मांडीवर दहाबारा बाळं. पत्रकावर ठळक अक्षरांत छापलं आहे, 'बुद्धीचा विकास, गणिताचा पाया'. माझी भाची तिच्या सात महिन्यांच्या लेकाला तिथे नेऊ लागली तेव्हा घरातले आजोबा म्हणाले, "अगं, त्याला धड टाळी वाजवता येत नाही, ताल काय कळणार?"

मला पत्रकही पटलं नाही आणि आजोबाही.

आधी आजोबांचं. टाळी वाजवणं हे स्नायूंचं काम आहे. नेमक्या क्षणी हात हलायचा तर मेंदूला हुकूम आधीच सोडावा लागतो, आणि हातावर असा ताबा यायला काही वर्षं जातात. ताल ओळखायला मात्र हात लागत नाहीत, अंदाज बांधता यावा लागतो. भजन रंगात असताना टाळकऱ्यांची सम एकदम चुकली तर न वाजलेला टाळ आपल्याला जाणवतो. आवाज यायला हवा होता तिथे शांतता आली म्हणून मेंदू दचकतो. हा दचका डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडमधून विद्युतलहरींच्या रूपात मोजता येतो.

हंगेरीत बुडापेस्टला इश्तवान विंकलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो १४ नवजात बाळांमध्ये मोजला. बाळं जेमतेम दोन-तीन दिवसांची, गाढ झोपलेली. त्यांना ड्रमचा साधा ठेका ऐकवला आणि अधूनमधून एखादा ठोका गाळला. बिनमहत्त्वाचा ठोका गाळला तर लहरींत विशेष काही घडत नव्हतं. आवर्तनाचा पहिला ठोका, आपल्या भाषेत सम, गाळली की दचका उमटायचा. हे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यावर एक रास्त शंका निघाली. बाळांना ताल कळतच नसेल, 'या आवाजामागून तो आवाज येतो' एवढंच ती शिकत असतील तर? मग याच मंडळींनी ठोक्यांमधली अंतरं मुद्दाम वेडीवाकडी करून पाहिली. अंतरं असमान झाल्याबरोबर बाळांच्या मेंदूतला समेचा ठोका आणि मधला ठोका हा भेद नाहीसा झाला. म्हणजे नुसता क्रम पुरत नव्हता, समान लय लागत होती.

आता ज्या प्रयोगासाठी मी हा लेख लिहायला बसलो, त्याकडे वळतो. कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात मॅकमास्टर विद्यापीठ आहे. तिथे जेसिका फिलिप्स-सिल्व्हर आणि लॉरेल ट्रेनर यांनी सात महिन्यांच्या बाळांना सहा मात्रांचा एक ठेका ऐकवला. त्यात कुठल्याच मात्रेवर जोर नव्हता. सहा मात्रांची गंमत तबला शिकणाऱ्याला लगेच कळेल. तीन-तीन अशी वाटणी केली तर दादऱ्याचा झोका येतो, दोन-दोन-दोन अशी केली तर चाल साफ बदलते. ठेका वाजत असताना निम्म्या बाळांना दर दुसऱ्या मात्रेवर हातांत झुलवलं, निम्म्यांना दर तिसऱ्या मात्रेवर. हे फक्त दोन मिनिटं. नंतर त्याच ठेक्याचे दोन नमुने ऐकवले, एकात दोन-दोनवर जोर आणि दुसऱ्यात तीन-तीनवर. बाळ ज्या बाजूला बघत राहील त्या बाजूचा आवाज चालू राहायचा, मान वळवली की थांबायचा. ज्या चालीत बाळ झुललं होतं, तीच ते जास्त वेळ ऐकत राहिलं.

दोन्ही गटांच्या कानांवर एकच आवाज पडला होता. मात्रेवरचा जोर हवेतून आलेला नव्हता, तो बाळाच्या शरीरातून आला होता. २००५ साली हे वाचलं तेव्हा मी खुर्चीतून उठून घरात फेऱ्या मारल्या होत्या.

डोळे बांधलेल्या बाळांतही हाच परिणाम दिसला. उलट, बाळाने स्वतः न झुलता समोरच्या बाईला झुलताना नुसतं पाहिलं, तर तो दिसला नाही. मग हा जोर आत शिरतो कुठून?

कानाच्या आत खोलवर गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली नळी असते, तिने आपण ऐकतो. तिला चिकटूनच तोल सांभाळणारं इंद्रिय आहे. त्यात तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आणि दोन इवल्या पिशव्या असतात. डोकं गोल फिरलं की नळ्यांना कळतं, वर-खाली किंवा मागे-पुढे सरकलं की पिशव्यांना. पिशवीत जेलीसारखा थर असतो आणि त्यावर कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजे खडूच्याच पदार्थाचे, सूक्ष्म स्फटिक. बाळाला वर उचललं की त्याचं डोकं वर जातं, पण स्फटिक जडत्वामुळे किंचित मागे राहतात. एसटी सुटताना आपण मागे कलतो, तसंच. जेली सरकते, तिच्यात रुतलेल्या रोमपेशींचे रोम वाकतात आणि विद्युतसंदेश निघतो. ऐकण्याच्या नळीतही रोमपेशीच असतात, आणि दोन्हीकडचे संदेश मेंदूकडे जाणाऱ्या आठव्या चेतेतून शेजारीशेजारी वाहतात. एकीकडून ठेका येतो, दुसरीकडून झोका, आणि मेंदू दोन्हींची सांगड घालतो.

ट्रेनर यांच्या गटाने प्रौढांवर आणखी पुढचा प्रयोग केला. कानामागून अतिसौम्य विद्युतप्रवाह देऊन त्यांनी थेट तोलाच्या चेता उद्दीपित केल्या. डोकं जागेवरून हललं नव्हतं, हलल्याचा नुसता भास झाला. तरी तेवढ्याने जोर नसलेला ठेका दोनात की तीनात ऐकायचा हे बदललं.

म्हणून त्या शनिवारच्या वर्गातलं मुख्य तालवाद्य मला जेंबे वाटत नाही. मुख्य वाद्य मांडी आहे. बाळाला सतरंजीवर बसवून समोर कितीही उत्तम वाजवलं, तरी मांडीवरच्या झोक्यातून जे पोचतं ते त्यातून पोचणार नाही.

दुसरी गोष्ट सात मात्रांची. बल्गेरिया, मॅसेडोनिया या भागातल्या लोकसंगीतात सात मात्रांच्या चाली सर्रास असतात, तीन-दोन-दोन किंवा दोन-दोन-तीन. आपला रूपक ताल अगदी तसाच, तीन-दोन-दोन. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांना असं दिसलं, की उत्तर अमेरिकेतल्या प्रौढांना असल्या चालीत केलेली मोडतोड ओळखू येत नाही, पण तिथल्याच सहा महिन्यांच्या बाळांना येते. वर्षाची होईपर्यंत बाळंही प्रौढांसारखी होतात, कान घरच्या संगीतापुरते आखडतात. मात्र बाराव्या महिन्यात दोन आठवडे घरी ते संगीत ऐकवलं तर ती क्षमता परत येते. प्रौढांना तेवढं ऐकवून उपयोग होत नाही. आपल्या घरांतही आता फोनवर अहोरात्र चार-चारच्या चालीची बालगीतं वाजत असतात, याचं मला खरोखर वाईट वाटतं.

आता पत्रक. सिॲटलला क्रिस्टिना झाओ आणि पॅट्रिशिया कूल यांनी नऊ महिन्यांच्या बाळांचे महिनाभरात १५ मिनिटांचे १२ वर्ग घेतले. तीन मात्रांचं संगीत आणि त्यावर वाजवणं, झुलणं. दुसऱ्या गटातली बाळं तेवढाच वेळ संगीताविना खेळली. नंतर संगीताचा किंवा बोलण्याचा लयबंध मधेच मोडला, तेव्हा संगीतगटातल्या बाळांच्या मेंदूचा प्रतिसाद जास्त ठळक होता. निष्कर्ष मोलाचा आहे, पण तो लयबंधाचा आहे, गणिताचा नाही. हार्वर्डमध्ये चार वर्षांच्या मुलांना सहा आठवडे संगीतवर्गाला बसवून आकलनक्षमता तपासली, तेव्हा खात्रीने सांगावा असा फायदा सापडला नाही. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालं.

या दाव्यांचं मूळ जुनं आहे. १९९३ मध्ये काही महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना मोझार्ट ऐकवला आणि आकृत्यांच्या कोड्यांतले त्यांचे गुण १०-१५ मिनिटांपुरते वाढले. प्रयोगात बाळं नव्हतीच. तरी पाच वर्षांनी अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला संगीताची ध्वनिमुद्रिका देण्याचा प्रस्ताव मांडला. आपल्याकडे हीच जागा गर्भसंस्काराच्या सीडींनी घेतली. शेवटच्या तिमाहीत गर्भाला आवाज ऐकू येतात हे खरं आहे. अमुक राग किंवा अमुक मंत्र ऐकवल्याने मूल तेजस्वी निपजतं, याला काहीही आधार नाही. बाळंतपणाच्या काळजीत असलेल्या बाईला असं सांगून पैसे घेणं मला अन्याय्य वाटतं.

मग वर्गाला जावं का? अवश्य जावं. जर्मनीतल्या लायप्झिगला अडीच ते साडेचार वर्षांच्या मुलांना एकदा यंत्राबरोबर आणि एकदा माणसाबरोबर ढोलकं वाजवायला दिलं. माणूस समोर असताना त्यांचा ताल अधिक नेमका जुळला. हॅमिल्टनमध्येच १४ महिन्यांची बाळं एका अनोळखी बाईबरोबर एकाच लयीत झुलली आणि नंतर तिच्या हातून पडलेल्या वस्तू जास्त वेळा उचलून द्यायला गेली. फोनवरचं ॲप या कामी चालणार नाही.

एका गोष्टीबद्दल मात्र मी भाचीजवळ हट्ट धरला. ज्या रोमपेशींचं वर्णन केलं, त्या ऐकण्याच्या नळीत प्रत्येक कानात साधारण १५,००० असतात आणि मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. कामगारांसाठी मानली जाणारी मर्यादा ८५ डेसिबलला आठ तास अशी आहे. दर तीन डेसिबलमागे वेळ निम्मा होतो, म्हणजे १०० डेसिबलला १५ मिनिटं उरतात. फरश्या आणि काचा असलेल्या बंद खोलीत जोराने वाजणारे दोन जेंबे तिथवर सहज पोचतात. ही मर्यादा मोठ्या माणसांसाठी आहे, बाळाला त्याच्या कितीतरी आत ठेवायला हवं. वर्गाच्या ताईंनी ऐकलं आणि जेंब्यांवर चादर टाकली. आता ते बोटांनी वाजतात.

रूपक मात्र वर्गात नाही, म्हणून संध्याकाळी तो मी घरी घेतो. बाळ मांडीवर. रूपकाची सम 'खाली', म्हणजे बिनटाळीची मात्रा, असते, म्हणून पहिल्या मात्रेला गुडघा उचलत नाही, फक्त हात बाजूला नेतो. चौथीला गुडघा वर, सहावीला पुन्हा वर. तीं तीं ना, धी ना, धी ना. काल आजोबा शेजारी येऊन बसले आणि तिसऱ्या आवर्तनाला 'खाली'च्या मात्रेवरच टाळी देऊन बसले. बाळ माझ्या गुडघ्यावर होतं आणि त्यांच्या हातांकडे बघत होतं.