व्याज नसले म्हणून ठेवीदार मालक होत नाही

इस्लामी बँकेत व्याज नसल्यामुळे ठेवीदारच बँकेचा मालक ठरतो आणि श्रीमंत-गरीब ही दरी आपोआप मिटते, हा समज कोल्हापुरात अनेकांकडून ऐकू येतो. तो चुकीचा आहे. 1975 साली स्थापन झालेली दुबई इस्लामिक बँक भागधारकांच्या मालकीची आहे. मुदारबा करारात ठेवीदार भांडवल देतो, बँक ते गुंतवते आणि नफा ठरलेल्या प्रमाणात वाटला जातो. मात्र बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर पैशाचा तोटा ठेवीदारालाच सोसावा लागतो, आणि तरीही कारभारात त्याला मत नसते. ही बाब मला सर्वांत गंभीर वाटते.

प्रत्यक्षात मुराबहा, म्हणजे वस्तू घेऊन नफा जोडून विकण्याचा करार, फार चालतो. उद्यमनगरातल्या एखाद्या कारखानदाराला लेथ मशीन हवे असेल, तर अशी बँक ते स्वतः विकत घेऊन, आपला नफा उघडपणे सांगून, हप्त्यांवर त्याला विकेल. पण त्याची पत आणि तारण ती तपासणारच. (भारतात मात्र इस्लामी बँकिंगचा प्रस्ताव पुढे न नेण्याचे रिझर्व्ह बँकेने 2017 मध्ये स्पष्ट केले.) मालकीतील समानता पाहायची असेल तर आपल्या सहकारी पतसंस्थेकडे पाहावे: तिथे भाग कितीही असले तरी सभासदाला मत एकच असते.