जुन्या गाडीचं इंजिन बांधताय? सगळा खेळ तेलाच्या थराचा आहे

सोलापुरात जुनी अँबेसिडर, पद्मिनी नाहीतर कार्बोरेटरवाली मारुती ८०० जपून ठेवलेली मंडळी अजून आहेत. त्यांच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं, "गाडी ऑइल खातीय, मिस्त्री म्हणतोय इंजिन बांधायला झालंय." मग चर्चा सुरू होते खर्चाची आणि पार्ट कुठल्या कंपनीचे घालायचे याची. ते बघायलाच लागतं, पण बांधलेलं इंजिन पुढं वर्षानुवर्षं चालणार का दोन उन्हाळ्यात परत निळा धूर मारणार हे ज्याच्यावर ठरतं ती गोष्ट डोळ्याला दिसतच नाही, ती म्हणजे फिरणाऱ्या दोन धातूंच्या मधला तेलाचा थर. जाडी काही मायक्रॉन, मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो, त्यावरून अंदाज घ्या.

हा थर काय ताकदीचा असतो ते १८८३ साली कळलं, तेही अपघातानं. इंग्लंडात बोचॅम्प टॉवर नावाचे इंजिनिअर रेल्वेच्या आसाच्या बेअरिंगवर प्रयोग करत होते. तेल घालायला म्हणून त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर भोक पाडलं, तर आस फिरायला लागला की त्या भोकातून तेल आत जायच्या ऐवजी उलटं वर यायला लागलं. बूच मारलं तर ते बाहेर फेकलं गेलं, लाकडी खुंटी ठोकली तीपण हळूहळू वर सरकली. शेवटी प्रेशर गेज लावला तर काटा २०० पौंडांच्या पुढं, म्हणजे गेजच संपला, आणि बेअरिंगवरचा सरासरी भार होता दर चौरस इंचाला फक्त १०० पौंड. १८८६ मध्ये ऑस्बोर्न रेनॉल्ड्स यांनी याचं गणित मांडलं: फिरणारा आस तेलाला स्वतःबरोबर ओढत अरुंद होत जाणाऱ्या फटीत कोंबतो, तिथं दाब तयार होतो आणि त्या दाबावर आस अक्षरशः तरंगतो. भर पावसात हायवेवर वेगातल्या गाडीचं टायर पाण्यावर तरंगतं ना, तसंच.

म्हणजे काय, तर क्रँकशाफ्टला, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्यानं फिरणाऱ्या इंजिनाच्या मुख्य दांड्याला, ऑइल पंप उचलून धरत नाही. पंपाचं काम तेल पोचवायचं, उचलून धरायचं काम क्रँकचं फिरणंच करतं. म्हणून तर सकाळी स्टार्टर मारल्यावरचे पहिले काही सेकंद इंजिनला सगळ्यात जड, कारण तेव्हा थर तयारच झालेला नसतो.

आता बेअरिंग आणि जर्नल (क्रँकचा बेअरिंगमध्ये फिरणारा गोल भाग) यांच्यात फट किती ठेवायची हा प्रश्न. जुन्या वर्कशॉपांचा हिशोब असतो की जर्नलच्या व्यासाच्या दर इंचाला एक थाऊ, थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. अँबेसिडरच्या १४८९ सीसी इंजिनाचं मेन जर्नल साधारण २ इंचाचं, म्हणजे फट आली दोन थाऊ, ०.०५ मिलिमीटर. ती झिजून दुप्पट झाली तर काय बिघडलं असं वाटेल. पण फटीतून निसटणारं तेल फटीच्या घनाच्या प्रमाणात वाढतं, म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट. मग गरम इंजिनात आयडलला ऑइलचा दिवा लुकलुकायला लागतो आणि कोणीतरी सांगतं की जाड ऑइल घाल, जाईल. दिवा जातो, फट तेवढीच राहते!

त्यामुळं क्रँक मायक्रोमीटरनं मोजल्याशिवाय नुसत्या नवीन बेअरिंग शेल (जर्नलभोवती बसणाऱ्या अर्धगोल पट्ट्या) टाकणं म्हणजे पैसे पाण्यात. जर्नल गोल राहिलेलं नसेल तर ग्राइंडिंग करून एक साइझ खाली न्यायचं आणि त्या मापाच्या अंडरसाइझ शेल घालायच्या. बसवल्यावर परत तपासायचं, त्याला प्लॅस्टिगेज नावाचा मेणासारखा बारीक धागा मिळतो, तो जर्नलवर ठेवून कॅप टॉर्क रेंचनं कसायची, उघडायची, दबून किती रुंद झाला ते सोबतच्या पट्टीवर बघायचं. तेवढा वेळ कोणी देत नाही ही खरी रड आहे.

बोअरची, म्हणजे पिस्टन ज्यात वर-खाली होतो त्या सिलिंडरच्या आतल्या पोकळीची, गोष्ट वेगळी. पिस्टन वर पोचला की क्षणभर थांबतो आणि मगच खाली येतो, म्हणजे त्या जागी वेग शून्य, आणि वेग नाही तर तरंगणंपण नाही. त्यात नेमकं तिथंच पेटलेल्या गॅसचं प्रेशर पिस्टनभोवतीच्या रिंगला मागून भिंतीवर दाबतं. म्हणून सिलिंडर सगळीकडं सारखा झिजत नाही, वरच्या रिंगच्या जागी जास्त झिजतो, आणि कनेक्टिंग रॉड तिरका असल्यानं एका बाजूला अजून जास्त. गोल बोअर लंबगोल होतो. गोल रिंग लंबगोल बोअरमध्ये कितीही भारीची घातली तरी कडेनं गॅस खाली जाणार आणि तेल वर येणार, त्यामुळं "नुसत्या रिंगा टाकू" हा सल्ला मोजमाप न करता कोणी देत असेल तर सरळ नाही म्हणा. तीन उंचीवर, प्रत्येक ठिकाणी आडवं-उभं अशी दोन मापं, प्रत्येक सिलिंडरची. झीज कंपनीच्या मर्यादेबाहेर असेल तर रिबोअर (बोअर कापून मोठा करणं) आणि ओव्हरसाइझ पिस्टन. आणि पिस्टन आधी हातात घ्या, मोजा, मग बोअर करायला द्या. मारुती ८०० चा बोअर ६८.५ मिलिमीटर. एवढ्या मापाचा अॅल्युमिनियमचा पिस्टन १०० अंशांनी तापला की साधारण ०.१५ मिलिमीटरनं फुगतो आणि बिडाचा ब्लॉक त्याच्या निम्म्यानं, म्हणून फट कमी ठेवली तर उन्हात पिस्टन जाम आणि जास्त ठेवली तर थंड असताना खडखड. रिंगच्या टोकांमधली गॅपपण अशीच, बोअरच्या साधारण हजारास चार, इथं पाव मिलिमीटरच्या जरा वर. कमी पडली तर टोकं गरम होऊन एकमेकांना भिडतात आणि रिंग तुटते.

होनिंगनं, म्हणजे बोअर दगडानं घासून घेतल्यावर, भिंतीवर जी फुलीफुलीची बारीक जाळी पडते ती शोभेची नाही, त्या चरांत तेल धरून राहतं. पण होनिंगच्या दगडाचे कण त्याच चरांत अडकतात आणि इथंच सोलापूरच काय, कुठल्याही गावात गडबड होते, कारण ब्लॉक डिझेलनं नाहीतर रॉकेलनं धुतला जातो. त्यानं ग्रीस जातं, कण तसेच राहतात, कधी अजून आत बसतात. गरम पाणी, कपड्याची पावडर आणि ब्रश, हेच लागतं. घासा, धुवा, हवेनं वाळवा, लगेच ऑइलचा हात फिरवा नाहीतर तासाभरात गंज धरतो. मग पांढरं फडकं बोअरमधून फिरवायचं, पांढऱ्या टॉवेलांची तर आपल्या गावात कमी नाही! फडकं करडं निघालं की परत धुवायचं. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या तेलाच्या वाटांचे) प्लग काढून आतून ब्रश मारायचा राहिला तर जुना गाळ पहिल्याच दिवशी नव्या शेलमध्ये जाणार हे धरून चाला.

आता आपल्या हवेपाण्याचं. एप्रिल-मेमध्ये इथं ४२-४३ डिग्री काही नवल नाही, आणि रेडिएटरमध्ये बोअरवेलचं क्षारवालं पाणी ओतायची सवय. ते क्षार ब्लॉकच्या आत थर धरतात आणि तो थर उष्णता लोखंडापेक्षा कित्येक पट कमी वाहून नेतो, त्यामुळं काटा नॉर्मल दाखवतो आणि मागचा सिलिंडर भाजत असतो. इंजिन उघडलंच आहे तर वॉटर जॅकेट (ब्लॉकमधली पाण्याची जागा) खरवडून साफ करून घ्या आणि पुढं डिस्टिल्ड वॉटरमध्ये कूलंट. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप) काढून टाकायची पद्धतपण आपल्याकडं जोरात आहे. भर उन्हात तो तसाही उघडाच असतो, काढून मिळतं काय? नुकसान मात्र पक्कं. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण एक लिटर पाणी वाफेच्या रूपात तयार होतं, इंजिन थंड राहिलं तर त्यातलं थोडं भिंतीवर साचतं, तेलात जातं, अॅसिड धरतं आणि रिंगा-बोअर गंजून झिजतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसात सकाळी घर ते बाजार एवढीच चालणारी गाडी अशीच मरते, तापून नाही तर न तापून.

धुळीबद्दल एवढंच, की ५ ते २० मायक्रॉनचे सिलिकाचे कण बरोब्बर तेलाच्या थराच्या मापाचे असतात आणि बिडापेक्षा कठीण असतात. फिल्टर नवा पण रबरी पाइपला चीर, असं असेल तर रिबोअरचे पैसे गेलेच समजा.

अँबेसिडरवाल्यांसाठी अजून दोन गोष्टी. भारतात २००० सालापासून पेट्रोलमधलं शिसं बंद झालं. ते बंद झालं ते बरंच झालं, पण जुन्या बिडाच्या हेडमध्ये (सिलिंडरवरच्या झाकणात) एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट सरळ हेडमध्येच कापलेली असते आणि शिशाचा थर तिला गादीसारखा उपयोगी पडायचा. आता सीट हळूहळू खाली बसत जाते, टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) गॅप कमी होते, व्हॉल्व्ह जळतो. हेड उतरवलंच आहे तर कडक सीट इन्सर्ट घालून घ्या. दुसरं म्हणजे ऑइल. या इंजिनात कॅमवर (व्हॉल्व्ह उघडायला लावणाऱ्या फिरत्या उंचवट्यावर) सपाट टॅपेट घासत चालतात, त्यांना वाचवतं ते तेलातलं झिंक-फॉस्फरस. आजच्या पातळ पेट्रोल ऑइलांमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब होऊ नये म्हणून फॉस्फरसवर ०.०८ टक्क्यांची मर्यादा आहे, २०डब्ल्यू-५० सारख्या जाड ग्रेडला ती मर्यादा लागू नाही. म्हणजे महागडं पातळ सिंथेटिक घालून मिरवण्यात अर्थ नाही.

चालू करताना आधी स्पार्क प्लग काढून स्टार्टर मारा, ऑइल प्रेशर येऊ दे, मगच प्लग लावा. आणि तासभर आयडलवर "सेट" करत बसू नका, रिंग भिंतीवर बसते ती गॅसच्या प्रेशरनं, लोड नसेल तर बोअर गुळगुळीत होतो आणि तेल खायला लागतो. मध्यम लोड, वेग कमी-जास्त, तुळजापूरला जाऊन या, घाटात तिसऱ्या गिअरला सावकाश चढवा, दर्शनपण होईल. पाचशे किलोमीटरच्या आत ते ऑइल आणि फिल्टर काढून टाका, त्यात चमचमणारी पूड दिसेल, थोडी असणारच. तेव्हाच थंड इंजिनावर टॅपेट परत सेट करा आणि जुन्या पद्धतीचं गॅस्केट असेल तर हेडचे नट टॉर्क रेंचनं परत बघून घ्या.