माशांच्या जैविक गुणधर्मांचा खुला डेटाबेस (मराठवाडा)

माशाची लांबी, वजन, वाढीचा वेग, आहार, अंड्यांची संख्या, विणीचा हंगाम, श्वसनाची रीत अशा मोजता किंवा नोंदवता येणाऱ्या वैशिष्ट्यांचा, कोणालाही विनामूल्य पाहता, उतरवून घेता आणि पुन्हा वापरता येणारा संग्रह. जगभर सर्वाधिक वापरला जाणारा असा कोश म्हणजे फिशबेस. डॅनिएल पॉली आणि रायनर फ्रोज यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस त्याची उभारणी सुरू केली. आज त्यात ३५ हजारांहून अधिक जाती आहेत. मात्र गोदावरी खोऱ्यातल्या जलाशयासाठी त्यातला आकडा घेताना तो कोणत्या पाण्यातल्या माशाचा आहे, हे तपासावेच लागते. रोहू, कटला, मृगळ हे मुळात उत्तरेकडच्या नद्यांचे मासे. त्यांचे बीज इथे बाहेरून आणून सोडले गेले.

मराठवाड्याचे पाणी वेगळ्या स्वभावाचे आहे. पैठणचा नाथसागर (पायाभरणी १९६५, लोकार्पण १९७६), पूर्णेवरील येलदरी व सिद्धेश्वर, माजलगाव, नांदेडचे विष्णुपुरी, धनेगावचे मांजरा हे इथले मोठे जलाशय पावसाच्या भरवशावर भरतात आणि काही वर्षी तळ गाठतात. २०१६ मध्ये मांजरा धरण कोरडे पडले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. धरण आटून पुन्हा भरले की त्यात बोटुकली (बोटाएवढी माशांची पिल्ले) सोडतात आणि पुढची एकदोन वर्षे जाळ्यात बहुतांश एकाच वयाचे मासे येतात. त्या काळात सापडलेला सर्वांत मोठा मासा ही त्या जातीची कमाल लांबी समजली, तर वाढीचे सगळे गणितच फसते. म्हणून मराठवाड्याच्या डेटाबेसमध्ये मोजणीच्या दिवशीचा पाणीसाठा आणि धरण शेवटचे कधी आटले, हे दोन रकाने सक्तीचे हवेत.

श्वसन आणि प्रजननाचे रकानेही इथे फार मोलाचे ठरतात. मरळ आणि मांगूर हवेतला प्राणवायू घेऊ शकतात, त्यामुळे आटत्या डबक्यात ते बराच काळ तग धरतात. कटला, रोहू यांना विणीसाठी पावसाळ्यातले वाहते पाणी लागते. साचलेल्या तळ्यात ते सहसा वीत नाहीत. १९५२ मध्ये भारतात आणलेल्या चिलापीची (तिलापिया) मादी अंडी तोंडात सांभाळते आणि साचल्या पाण्यातही वाढते. पाणी ओसरत असताना कोणती जात टिकेल, याचा अंदाज अशाच नोंदींवरून बांधता येतो.

मोजणीत सर्वाधिक घोटाळा लांबीचा होतो. मुस्कटापासून शेपटीच्या टोकापर्यंतची ती एकूण लांबी, शेपटीचा पंख जिथे सुरू होतो तिथपर्यंतची ती प्रमाण लांबी. रोहूसारख्या माशात दोन्हींत साधारण पाचव्या हिश्श्याचा फरक पडतो. वजन लांबीच्या जवळपास तिसऱ्या घाताने वाढते, त्यामुळे एका रकान्यातली लांबी दुसऱ्यात गेली की वजनाचा अंदाज जवळपास निम्मा किंवा दुप्पट येतो. गाभोळीतली अंडी मोजायची तर आधी अख्खी गाभोळी तोलतात, मग तिच्या पुढच्या, मधल्या आणि मागच्या भागाचे लहान तुकडे तोलून भिंगाखाली त्यांतली अंडी मोजतात आणि एकूण वजनाच्या प्रमाणात गुणतात. किती तुकडे घेतले हे लिहिले नसेल, तर त्या आकड्याची दुसऱ्या आकड्याशी तुलना करता येत नाही. जाळ्याचेही तसेच. फासेजाळ्यात आसाच्या (जाळ्याच्या छिद्राच्या) आकाराजोगतेच मासे अडकतात, तेव्हा आसाचे माप नोंदवले नाही तर सरासरी माशांची की जाळ्याची, हे सांगता येणार नाही.

एक ओळ म्हणजे एक मासा, हा नियम पाळावा. सरासरी वेगळ्या तक्त्यात काढावी, मूळ मोजणी तशीच ठेवावी. 'गाभोळी नव्हती' आणि 'पोट उघडलेच नाही' या दोन वेगळ्या नोंदी आहेत. दोन्हींसाठी रिकामा रकाना ठेवू नये. शास्त्रीय नावेही बदलतात: कटल्याला कटला कटला, गिबेलिऑन कटला आणि लॅबिओ कटला अशी तीन नावे वेगवेगळ्या काळात मिळाली. म्हणून मूळ नोंदीतले नाव, आजचे ग्राह्य नाव आणि भोई मासेमारांच्या तोंडचे नाव असे तीन रकाने लागतात.

छत्रपती संभाजीनगर आणि नांदेड येथील विद्यापीठे, उदगीरचे मत्स्यविज्ञान महाविद्यालय ही अशा कामाची स्वाभाविक केंद्रे आहेत. प्रबंधांत बहुधा सरासरीचे तक्ते छापले जातात आणि मूळ मोजण्या वहीतच राहतात. त्या वह्या संगणकावर चढवणे हे नव्या मोजणीइतकेच निकडीचे काम आहे. माहिती खुली करताना श्रेय देण्याच्या अटीवर पुनर्वापराची मुभा देणारा परवाना जोडतात. मासे मोजू देणाऱ्या मच्छीमार सहकारी संस्थेचे नावही, तिच्या संमतीने, त्या श्रेयात असले पाहिजे. महसीरसारख्या दुर्मीळ होत चाललेल्या माशाच्या डोहाचे अचूक स्थान मात्र जाहीर करू नये. तालुका आणि नदी एवढेच द्यावे.